म्हात्रेबाई, जिन्याखाली काय चालायचं?

म्हात्रेबाई, तुझ्या तेराव्याला मी ढसाढसा रडले. ते रडणं मला परत हवंय.

गेलेल्या माणसाशी असं बोलू नये, हे मला कळतं. घरात तुझ्या फोटोला अजून रोज ताजा हार असतो, तुझी सून संध्याकाळी न चुकता दिवा लावते, आणि इथं पार्किंगमध्ये सतरंजीवर बसून मी तुझ्याशी भांडते आहे. पण आपण दोघींनी आयुष्यभर दुसरं केलं काय? उल्हासनगरला कॅम्प चारच्या शाळेत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आपले पहिलीचे वर्ग. तुझ्याकडचा दंगा माझ्या फळ्यापर्यंत यायचा आणि मी भिंतीवर डस्टर आपटायची. मधल्या सुट्टीत मात्र डबा एकच. तुझ्या तांदळाच्या भाकऱ्या आणि माझी उसळ. रिटायर झालो, नातवंडं झाली, तरी तू मला सावंतबाई म्हणायचीस आणि मी तुला म्हात्रेबाई. त्यात परकेपणा नव्हता, जिभेला तेच वळण पडलं होतं.

सुट्टीतला वाचनवर्ग ही तुझीच कल्पना. सुट्टी लागली की पोरं मोबाईलला चिकटतात आणि जूनमध्ये जोडाक्षरं विसरून येतात, अशी कुरकुर करणारी मी. "मग बोलव ना त्यांना, आमचं पार्किंग काय धूळ खात पडलंय," असं म्हणणारी तू. बेलवलीत तुमच्या खळ्याच्या जागेवर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा तळमजल्यावरचे फ्लॅट आणि ही मोकळी जागा तुमच्या वाट्याला आली. सकाळी गाड्या कामाला निघून गेल्या की इथं नुसती गार सावली. अंबरनाथहून मी रिक्षानं यायची, तोवर तू झाडून सतरंज्या घातलेल्या असायच्या.

पुस्तकं आपण दारोदार फिरून जमवली. बहुतेकांची पाठ निघालेली. कॅम्प चारमधल्या जीन्सच्या कारखान्यातून कापडाचे तुकडे मागून आणले आणि तुझ्या स्वयंपाकघरात खळ शिजवून पुस्तकांच्या पाठीला चिकटवले. "ले जाओ टीचर, जितना चाहिए ले जाओ, बच्चों का काम है," म्हणाले होते ते सिंधी शेठ. त्यांची मुलगी तुझ्या वर्गात होती आणि तू तिला एकदाही मारलं नव्हतंस, हे ते विसरले नव्हते. निळ्या पाठीची ती पुस्तकं कपाटात उभी राहिली तेव्हा तू म्हणालीस, "बघ, सगळ्यांना पँटी घातल्या." त्यानंतर किती दिवस आपण हसत होतो.

आपला नियम एकच. पोरानं पुस्तक घ्यायचं, इथंच बसून वाचायचं, मग फाटकापाशी माझ्या टेबलाजवळ येऊन त्यातली गोष्ट मला सांगायची. गोष्ट नीट सांगितली की पुढचं पुस्तक. नाही सांगता आली, की तेच परत. परीक्षा नाही, बक्षीस नाही. पहिल्या सुट्टीत काही पोरं तेच पुस्तक घेऊन परत परत बसली आणि मग एकेक करून यायची बंद झाली. तुला ते फार लागलं. दुसऱ्या वर्षी तू स्वतः त्यांच्या घरी गेलीस, त्यांना हाताला धरून आणलंस, आणि मला म्हणालीस, "ही मागची पोरं माझ्याकडं दे. मी त्यांना जिन्याखाली घेऊन बसते."

मी दिली. तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर?

आणि काय सांगू, चमत्कार झाला. तीच पोरं माझ्या टेबलाशी येऊन घडाघडा गोष्टी सांगायला लागली. सगळ्यांत पुढं ती सोनल. दुसरीतून तिसरीत निघालेली, दोन वेण्या, बोलताना हात हलवायची खोड. तिची आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते. एकदा ती शिफ्ट संपवून पोरीला न्यायला आली तेव्हा मी तिला थांबवून म्हटलं, "तुमची सोनल फार छान वाचते. काळजी करू नका." ती बाई डोळे पुसून गेली. त्या दिवशी मी तुला म्हटलं की म्हात्रेबाई, तुझ्या हाताला गुण आहे. तू जांभळं खात होतीस. जांभळी जीभ बाहेर काढून दाखवलीस आणि म्हणालीस, "गुण कसला, पोरं हुशार हायत."

ते वाक्य मी आता रोज घोळवते. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. तू नेहमी असंच बोलायचीस.

एकदा मात्र आपलं चांगलंच वाजलं होतं, आठवतंय? मी म्हटलं होतं, गोष्ट सांगतात ते ठीक, पण एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचूनही दाखवू दे. काना-मात्रा कुठं अडतात ते कळेल. तू एकदम उसळलीस. "ही शाळा नाय सावंतबाई. सुट्टी हाय. सुट्टीत पन त्यांना उभं करून अडकवायचं?" मी म्हटलं, अडकलं तरच सुटतं ना. तू म्हणालीस, "तुला पोरं अडकलेलीच बघायला आवडतात." मला इतकं लागलं की मी दोन दिवस आले नाही. मग तूच सुकटीची चटणी घेऊन अंबरनाथला आलीस, माझ्या ओट्यावर बसलीस, आणि मी मुद्दा सोडून दिला. तुझ्या मायेपुढं सोडला. आता कळतंय की ती चटणी कशासाठी होती.

मुद्दा अजून तसाच पडलाय आणि माझ्याशी भांडायला तू नाहीस.

तू गेलीस ती तुझ्या स्वभावाप्रमाणे, कुणाला त्रास न देता. दुपारी छातीत दुखतंय म्हणालीस, दिवेलागणीला सगळं आटोपलं. त्याआधी आपलं फोनवर बोलणं झालं होतं ते पंख्याबद्दल. यंदा ऊन फार आहे, जिन्याखाली एक टेबलफॅन लावू या, असं तू म्हणत होतीस. मी ते बोलणं शब्दन्‌शब्द आठवून पाहिलं. कुठं काही सुचवलंस का? 'बोलायचंय तुझ्याशी' असं काही? नाही. तुझा सांगायचा विचारच नव्हता. तू आणखी एक सुट्टी तशीच काढणार होतीस, आणि वर पंखा लावून.

तुझा विकास म्हणाला, "मावशी, वर्ग बंद नका करू, आईला वाईट वाटेल." म्हणून मी एकटीनं सुरू केला. पहिल्या दिवशी पोरं आली, गुपचूप बसली. सोनल आता पाचवीत जाणार. तिच्या हाती मी नवं पुस्तक दिलं. यंदा कुणी तरी दिलेलं, तुझ्या हाताखालून न गेलेलं. ती जिन्याखाली जाऊन बसली. पानं उलटत होती, अगदी बेतानं, वाचणारं माणूस उलटतं तशी. मी लांबून पाहत होते आणि मला तुझी आठवण येत होती. थोड्या वेळानं ती टेबलाशी आली, पुस्तक ठेवलं आणि उभी राहिली.

मी म्हटलं, "सांग."

ती जिन्याकडे बघायला लागली.

"अगं सांग ना. कसली गोष्ट आहे?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, म्हात्रेबाई नाहीत ना."

मला वाटलं पोरीला रडू येतंय. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, हो गं, मलाही आठवण येते. तर ती माझ्या मिठीतून मान बाहेर काढून, मला समजत नाहीये म्हणून नीट समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "तसं नाही बाई. गोष्ट कोण सांगणार मग? आधी त्या सांगायच्या, मग मी तुम्हाला सांगायची."

म्हात्रेबाई, त्या क्षणी तू समोर असतीस तर काय केलं असतं ते मी इथं लिहीत नाही.

मी पुस्तक उघडून तिच्यापुढं धरलं. पहिला शब्द 'गावात' होता. ती 'ग' म्हणाली आणि थांबली. मग चित्राकडे बघून म्हणाली, "गाय?" चित्रात गाय होती. मी एकेकाला बोलावलं. कुणी 'ट' आणि 'ढ' यांत गोंधळलं, कुणाला वेलांटी दिसतच नव्हती, एक पोरगा तर पाठ केलेलं पुस्तक बंद ठेवूनही म्हणून दाखवायला तयार होता. सगळ्यांना ठाऊक होतं. जिन्याखालच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की सावंतबाईंना कळू द्यायचं नाही. तू त्यांना शपथ नव्हती घातलीस म्हणे. नुसतं ओठावर बोट ठेवून हसायचीस.

दोन सुट्ट्या! लहान-लहान पोरं माझ्या डोळ्यांत डोळे घालून मला फसवत होती, मी शाबासकी देत होते, आणि तू मागं बसून ते बघत होतीस. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वैऱ्यानं हे केलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते.

विकासला विचारलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मला माहीत होतं. आई म्हणायची, गोष्ट नाही मिळाली तर ती पोरं पुन्हा येणार नाहीत. आणि तुम्ही नियमाच्या पक्क्या." म्हणजे घरातही ठाऊक होतं! मी आपली परडीभर आंबे घेऊन तुझ्या घरी यायची, तुझ्या नातवाला मांडीवर घ्यायची, आणि तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होता.

आता सगळे मला हेच ऐकवतात, सावंतबाई कडक होत्या म्हणून म्हात्रेबाईंना लपवावं लागलं. होते मी कडक. आहे. त्याची मी माफी मागणार नाही. कडक होते म्हणूनच माझ्या पहिलीतलं एकही पोर न वाचता दुसरीत गेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तुझ्या वर्गातली अडलेली पोरं तू स्वतः माझ्याकडे पाठवायचीस, "याला जरा तुझा हात लाव" म्हणून. मग या पोरांनाच का नाही पाठवलंस? एक शब्द टाकायचा होता, सावंतबाई, यांना अक्षरं येत नाहीत. मी टेबल सोडून जिन्याखाली येऊन बसले असते. मी शिकवलं असतं गं. मला आयुष्यात तेवढं एकच येतं, आणि तू मला तेच करू दिलं नाहीस.

खरं सांगू, फसवल्यापेक्षा हेच जास्त सलतंय.

सोनलच्या आईला सांगणं भाग होतं. ती संध्याकाळी आली, कंपनीचा निळा ॲप्रन अजून अंगावर. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती तुझ्या नावानं बोटं मोडेल. तर ती माझ्याकडेच बघत राहिली. म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणला होता ना, काळजी करू नका? म्हनून तर म्या सेमी इंग्लिशला नाव घातलं तिचं. शाळेतल्या सरांनी बोलावलं होतं, लक्ष द्या म्हणले. म्या म्हणलं, आमची पोरगी सावंतबाईंकडं वाचती. त्यांना तोंडावर सांगितलं म्या." मग थोडी शांत झाली आणि म्हणाली, "म्हात्रेबाई लई चांगल्या होत्या. पोरीला तापात बघायला आल्त्या घरी."

बघ. तू चांगली आणि शब्द दिलेली मी. जाता जाता असं तोंडघशी पाडलंस मला. तिला मी म्हटलं की शाळा उघडायच्या आत पोरगी वाचेल. "आता पन तुमीच म्हणताय," एवढंच म्हणून ती निघाली. रिक्षात बसेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग मी जिन्याखाली बसायला लागले. टेबल तिकडे फाटकापाशी रिकामं. मोठी पोरं आपली आपण पुस्तकं घेतात. सोनलला घेऊन मी पुन्हा पहिलीपासून निघाले. सुपात बारीक रेती पसरून तिच्यावर बोटानं अक्षर, मग काना, मग वेलांटी. पोर दहा वर्षांची, तिला लाज वाटायची. बारकी पोरं बघतात म्हणून सुपावर ओढणी टाकायची. अडली की सवयीनं वर बघायची, माझ्या तोंडाकडे. तुझ्या तोंडाकडे बघायची तशीच असणार. तू लगेच सांगत असशील. मी नाही सांगितलं. एकदा 'च्या' वर इतकी अडली की रेतीत मूठ आपटून रडली. मी तरी नाही सांगितलं. रडणं संपल्यावर तिचं तिलाच सुटलं.

तिथं बसून मला एक गोष्ट कळली, तीही सांगून टाकते. तिला गोष्टींची भूक आहे. नुसती अक्षरं गिरवणारं पोर कंटाळून पळतं. ही पळाली नाही. पुढं काय झालं, हे कळल्याशिवाय ती वाक्य सोडत नाही. ही भूक मी लावलेली नाही. माझ्या कुठल्याच पोराला मी ती लावू शकले नाही, अक्षरं लावली फक्त. ही तुझी. हे लिहायचं मनात नव्हतं, पण लिहिलं पाहिजे.

तुझं कौतुक संपलं. आता कालचं ऐक.

काल सकाळी सोनलनं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकटीनं वाचलं. आपल्या त्या निळ्या पाठीच्यांतलं, एका रेडकाच्या गोष्टीचं. मुलीचं लाडकं रेडकू बाप बाजारात विकून येतो, ती रुसते, आणि शेवटी ती दारातल्या कुत्र्याच्या पिलाला दूध पाजते. संपलं. मी जवळ बसून ऐकत होते. एक-दोन ठिकाणी ठेचकाळली, पण सावरली. मला इतका आनंद झाला की उठून फाटकाकडे जाऊन डोळे पुसून आले. म्हटलं, आज हिच्या आईला फोन करायचा. परत आले तर पोरगी अजून पुस्तकात डोकं घालून बसलेली. शेवटचं पान उलटून, पलीकडचं कोरं पान उलटून, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला बोट ठेवून काही तरी पुटपुटत होती. मी वाकून पाहिलं. अगदी बारीक टायपात छापलेलं होतं ते वाचत होती. मुद्रक. मुद्रणस्थळ. सर्व हक्क राखीव. 'मुद्रणस्थळ'ला घाम फुटला होता तिला, पण सोडत नव्हती.

मी म्हटलं, "अगं, ते काय वाचतेस? ती गोष्ट नाही."

ती म्हणाली, "बाई, आमची कुठाय?"

"कुठली तुमची?"

"म्हणजे पुस्तकात तर सगळी तुमचीच गोष्ट आहे. तुम्हाला सांगायची ती. आमचीवाली कुठाय? रेडकू परत येतं ती?"

मग मला एकेक करून कळलं. तू त्यांना दोन गोष्टी सांगायचीस. आधी पुस्तकातली, ती पाठ करून घ्यायचीस आणि म्हणायचीस, ही सावंतबाईंची. मग पोरांना जवळ ओढून दुसरी, तुझ्या मनातली. तिच्यात रेडकू बाजारातून दावं तोडून पळतं, उल्हास नदी पोहून येतं आणि पहाटे दारात हंबरतं. पोरं विचारायची, बाई हे कुठं लिहिलंय? तू म्हणायचीस, "याच पुस्तकात हाय. बारीक अक्षरात. तुमाला वाचता यायला लागलं ना, की दिसंल."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम, बोट अजून त्या बारीक टायपावर. म्हात्रेबाई, माझ्या जिभेवर शब्द आला होता. सगळा महिना मी तोच शब्द चघळत होते. म्हात्रेबाई खोटं बोलल्या. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायचा मला पूर्ण हक्क होता.

मी बोलायच्या आत तिनंच पुस्तक मिटलं आणि विचार करून म्हणाली, "मग दुसऱ्या पुस्तकात असेल. त्यांच्या लक्षात नसेल राहिलं."

आणि कपाटाकडे गेली.

मी तिला थांबवलं नाही. ती आज पुढचं वाचते आहे, आणि ते संपवून त्याच्या पुढचं घेणार आहे. मला माहीत आहे की तुझं रेडकू एकातही नाही. कधीतरी कपाट संपेल आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहील. मी तेव्हा गप्प का बसले, हे ती मला विचारेल. तुला नाही विचारणार. तू नाहीस.